माळ्यावरचं तसराळं

आई, माळ्यावरची तुझी ट्रंक मी उघडली. तुला न विचारता उघडली, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

कारण आमची संस्था. तू गेल्यावर आम्ही काही निवृत्त बायकांनी पर्यावरणाचं काम सुरू केलं. सध्या भांडी बँक चालवतो. बारसं असो, सत्यनारायण असो, लोकांनी आमची स्टीलची ताटं न्यायची आणि घासून परत आणायची, म्हणजे थर्माकोलची ताटं नदीत जात नाहीत. आमची ताटं येतात लोकांच्या माळ्यावरून. मी अध्यक्ष, तेव्हा सोसायट्यांमधून सांगत फिरते, की मेल्यावर कुणी ताटं बरोबर नेत नाही. परवाच्या बैठकीत खजिनदारबाई म्हणाल्या, "तुमच्या घरून अजून चमचासुद्धा आलेला नाही." मी म्हटलं, बघते. "बघा. माळा काही पळून गेला नसेल." आता कुठल्या तोंडाने भाषण करणार?

ट्रंकेत तुझी 'पाहुण्यांची ताटं' आणि वाट्या होत्या, प्रत्येकावर तुझं नाव घातलेलं. पाहुणे आले की तू रोजचीच ताटं मांडायचीस. हे पाहुणे त्या ताटांएवढे मोठे नव्हते. माझ्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली, तीही तेवढी नव्हती. आणि ट्रंकेच्या तळाशी, तुझ्या जुन्या साडीत गुंडाळलेलं, कोशिंबीर कालवायचं तसराळं निघालं. तेच, जे शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला नेलं आणि परत केलं नाही म्हणून तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस. मी एकदा जिन्यात त्यांच्याकडे बघून हसले, तर तू म्हणालीस, "हस. पुढच्या वेळी पातेलंही देऊन ये." मी ते उलटं करून पाहते, तर नाव काकूंचं. अदलाबदल झाली होती; काकूंनी परत केलं होतं, फक्त चुकून स्वतःचं. तांदळातला खडा तुला चष्म्याशिवाय दिसायचा, तेव्हा हे नाव दिसलं नाही म्हणू नकोस.

काकूही आता नाहीत. त्यांच्या सूनबाई धायरीला राहतात, त्यांना फोन केला. "अहो ताई, तुमच्या आईंचं आमच्याकडेच आहे. सासूबाई बजावून गेल्यात, त्यांनी आधी आपलं दिलं तरच द्यायचं." म्हणजे त्यांनाही दिसलं होतं. दोघी गेलात, आणि तसराळी मात्र हट्टाला पेटून बसलेली.

सूनबाई तुझं तसराळं घेऊन आल्या. आत मूठभर साखर. "रिकामं भांडं परत कसं करायचं?" आता, बँकेच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी आहे: भांडी रिकामी आणि कोरडी आणावीत. मुंग्या झाल्यावर मीच लावली. वाघोलीच्या एका बाईंनी पातेल्यात दोन लाडू ठेवले होते, त्यांना मी पाटी मोठ्याने वाचायला लावली. सूनबाईंना मात्र मी बसायला सांगितलं. आत गेले आणि काकूंच्या तसराळ्यात साखर घालून त्यांच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, "आता दोन्ही तुमच्या बँकेलाच द्या. एकत्र राहू देत."

ट्रंक रिकामी ठेवलेली तुला चालली नसती. हे पत्र तिच्यात ठेवते.

बँकेत जमा: ताटं, सगळी. वाट्या, सगळ्या. तसराळी, दोन. शेरा: रिकामी आणि कोरडी. शेरा मी लिहिला आहे, आणि तो खोटा आहे.