दोन बोटं माया

आई,

घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला आहे. लॅपटॉप नाही, टेबलावर ठेवायचा, सुटे भाग निवडून दुकानात जोडून घ्यायचा. तू गेलीस तेव्हा मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि कॉलेजातले कॉम्प्युटर एका काचेच्या खोलीत असायचे. चपला बाहेर काढून आत जावं लागायचं. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू विचारलं होतंस, आत देव बसवलाय का. आता माझं सगळं काम त्याच्यावरच चालतं. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यासाठी मी मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढतो, कॉलेजात शिकलो तेच. पण हा कॉम्प्युटर माझ्यासाठी नाही. तुझ्या सुनेसाठी आहे.

तू तिला पाहिलं नाहीस. आम्ही ठाकुर्लीला राहतो, चौथ्या मजल्यावर, आणि ती घरी प्राथमिकच्या मुलांची शिकवणी घ्यायची. तिचा आवाज मोठा. खिडकीतून दोरीला पिशवी सोडून खालच्या भाजीवाल्याशी भाव करायची तेव्हा दुसऱ्या विंगमधल्या बायका तेवढ्याच भावात घ्यायला खाली उतरायच्या. दीड-दोन वर्षांपूर्वी तिच्या पायातून चप्पल निसटायला लागली. मग बोलणं जड झालं. एका मुलीच्या आईने मला जिन्यात थांबवून हळूच विचारलं, बाई झोपेच्या गोळ्या वगैरे घेतात का. पुष्कळ तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्या आहेत. डोकं शाबूत राहील, कान राहतील, डोळे बहुतेक शेवटपर्यंत राहतील. हात आणि आवाज राहणार नाही. दोन-तीन वर्षं धरून चाला, असं ते म्हणाले. हे त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं, तिनेच तसं बजावून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, डोळे राहतील म्हणजे तुमच्यावर वटारायला बरे.

ठाण्याला एक बाई आहेत, त्या अशा माणसांना पुढचं शिकवतात. त्यांनी आम्हाला समजावलं की आज ती बोटांनी टाइप करील, पुढे एकाच बटणावर काम चालवील, आणि तेही जमेनासं झालं की पडद्याखालचा कॅमेरा तिचे डोळे कुठल्या अक्षरावर थांबतात ते बघेल आणि कॉम्प्युटर ते वाक्य मोठ्याने बोलेल. मराठीचे तयार आवाज त्यांनी ऐकवले. हिने तोंड वाकडं केलं. म्हणाली, ही बाई बातम्या देतेय, मला चहा मागायचाय. मग असं ठरलं की तिचा आवाज आहे तोवर तिचीच वाक्यं भरून ठेवायची आणि पुढे ती वाजवायची. म्हणून हा कॉम्प्युटर लवकर यायला हवा, आणि टिकायला हवा. आता एकाच पगारावर घर चालतं, दुसरा घेणं होणार नाही. मोबाइलवर भागणार नाही, लॅपटॉपमधलं काही बदलता येत नाही. शिवाय पडदा तिच्या डोळ्यांसमोर हवा, आज खुर्चीच्या उंचीवर, पुढे पलंगाच्या. आणि बॅटरीचा डबा हवा, कारण आमच्याकडे लाइट जाते. लाइट गेली की पंखा बंद होतो हे आपल्याला कळतं. लाइट गेली की बायकोचं बोलणं बंद होईल, हे लक्षात यायला मला वेळ लागला.

तेव्हापासून मी हेच वाचतोय. कमी पैशात बरीच वर्षं चालेल असा कॉम्प्युटर कसा निवडावा, यावर माणसं इंटरनेटवर हमरीतुमरीवर येऊन भांडतात. त्यातून मला कळलं ते एवढंच की जे पुढे वाढवता येतं ते आज कमी घ्यायचं आणि जे बदलता येत नाही तिथे जागा सोडायची. रॅम म्हणजे त्याची कामापुरती आठवण, ती आज थोडी घेतली तरी चालते, सध्या तिचे भाव चढलेतही, पण ती बसवायचे खाचे चार असलेला मुख्य बोर्ड घ्यायचा आणि दोन रिकामे ठेवायचे. प्रोसेसर मध्यम ताकदीचा घ्यायचा, पण पुढचाही त्याच जागी बसेल असा बोर्ड बघायचा. वीज पुरवणारा डबा आज लागते त्याहून ताकदीचा घ्यायचा. हे वाचताना मला सारखं वाटायचं की हे आपल्याला आधीच माहीत आहे, आणि एकदा दुपारी ऑफिसात डबा खाताना आठवलं कुठून. ही माया आहे. शिवणीच्या आत तू सोडायचीस ती.

कोपरीच्या घरात तुझं मशीन स्वयंपाकघरात खिडकीपाशी असायचं, उजेड तिथेच यायचा म्हणून. डावीकडे गॅसवर डाळ, उजवीकडे लोकांचे ब्लाउज. मी ओट्याखाली चिंध्यांत बसून अभ्यास करतोय आणि तू गिऱ्हाइकाला विचारतेयस, माया किती ठेवू, अंग भरणारं आहे का. लग्न ठरलेल्या मुलींना तू न विचारताच दोन बोटं ठेवायचीस. माझ्या शाळेच्या चड्ड्यांना तर आत इतकं कापड असायचं की बाकावर बसलं की टोचायचं. चौथीत बाईंनी माया हा शब्द वाक्यात वापरायला दिला आणि मी लिहिलं, आईने माझ्या चड्डीला दोन बोटं माया ठेवली. बाईंनी ते वाचून दाखवलं आणि वर्ग हसला. माया म्हणजे आणखी काही असतं हे मला त्या दिवशी कळलं. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तुझ्या दातांत दोरा होता. तो तोडून तू म्हणालीस, "मग चुकलं काय? उंची वाढेल तेव्हा कळेल बाईंना."

तुझं शेवटचं, आजारातलं वर्षही मला त्याच खिडकीशी दिसतं. लोकांची कामं तू बंद केली होतीस आणि फक्त स्वतःचे ब्लाउज आत घेत होतीस. दर थोड्या दिवसांनी थोडे आणखी. कापड आत जात होतं, जाड होत होतं आणि तुझ्या काखेखाली त्याचा लाल वळ उठला होता. एका दुपारी तू आडवी झालीस तेव्हा मी तुझी मोठी कात्री घेतली आणि एका ब्लाउजचं आतलं फालतू कापड कापायला लागलो. मला वाटलं, तेवढंच टोचायचं कमी होईल. वीतभर कापलं असेल. तू कधी उठलीस कळलं नाही. तू कधी ओरडायची नाहीस, तेव्हाही नाही. "कात्री खाली ठेव," म्हणालीस. "उसवता येईल ते. कापलंस तर अंग भरल्यावर मी काय घालू?" मी कात्री ठेवली आणि मला फार बरं वाटलं, कारण अंग भरणार असं तूच म्हणत होतीस. तू गेल्यावर मावशीने ते ब्लाउज नेले, शिवणी उसवल्या आणि तिला ते बरोबर झाले. एका बारशाला तिने त्यातला मोरपंखी घातला होता. मी जेवायला न थांबता निघून आलो. इतकी वर्षं मी एकच विचार करतोय. तू खरंच ते परत घालणार होतीस, की माझ्यासमोर कापायचं नव्हतं?

सध्या संध्याकाळी ती वाक्यं भरते, माझ्या जुन्या मोबाइलवर. कॉम्प्युटर आला की त्यात घालायची. मला वाटलं होतं ती काही मोठं बोलून ठेवील. ती म्हणते, पंखा एक नंबरवर करा. उशी खाली घ्या. दार लावलंत का. डाळीला हिंग विसरलात. तेच कपडे परत घातलेत. मी म्हटलं, रागवायचंच फार झालंय. ती म्हणाली, गोड बोललेलं तुम्ही एकदाच वाजवाल, हे रोज लागेल. एक वाक्य नीट यायला तिला पाच-सहा वेळा बोलावं लागतं. मध्ये थांबून लाळ पुसावी लागते. गेल्या महिन्यात होणारे काही शब्द या महिन्यात होत नाहीत. 'त'चं आता काही खरं नाही. बाहेरच्या माणसाला तिचं बोलणं जवळजवळ कळत नाही, मला कळतं. त्यामुळे दुकानात, दवाखान्यात, शेजाऱ्यांशी ती बोलते आणि मी सांगतो ती काय म्हणाली. ती बोलते, लोक माझ्याकडे बघतात.

मागच्या आठवड्यात तपासणीला ठाण्याला गेलो होतो, तिथून वर्तकनगरला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. मी एकटा जाणार होतो, पण ती म्हणाली की माझं तोंड घ्यायला चाललाय, मी नको का. दुकान लहान, काचेत रंगीत दिवे लागलेले डबे मांडलेले. दुकानदार तिशीचा, बोलका. आमच्याकडे बघून म्हणाला, काय काका, पोरासाठी का, गेमिंगचा? मी थोडक्यात काम सांगितलं. त्याने तिच्यासाठी स्टूल पुसून दिलं आणि मग सगळं नीट समजावायला लागला. चांगला माणूस. त्याच्याकडे दोन बोर्ड होते. एक साधा, दोन खाच्यांचा, पुढे फार काही वाढवता न येणारा. दुसरा चार खाच्यांचा, त्याच्यासोबत ताकदीचा पॉवर सप्लाय आणि मोठा डबा. फरक आमच्या दृष्टीने बराच होता. त्या फरकात तिच्यासाठी दुपारची बाई काही महिने ठेवता आली असती.

तो म्हणाला, "काका, मला एकच सांगा. किती वर्षं चालवायचाय? तीनेक म्हणत असाल तर हा साधा मस्त आहे, उगाच जास्त घालू नका. सात-आठ म्हणत असाल तर मग दुसरा."

मी बोर्डाच्या खोक्यावरचं वाचत राहिलो. मागून ती बोलली. स्टुलावरून, काउंटरला धरून, जमेल तितकं सावकाश बोलली. ती म्हणाली, "तीन वर्षांचा द्या. पुरे."

दुकानदाराला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत काकू?"

मी म्हणालो, "सात-आठ वर्षं तरी चालला पाहिजे, म्हणते."

तो खूश झाला. म्हणाला, बघा, काकूंचं बरोबर आहे, बायका पुढचा विचार करतात. आणि चार खाच्यांचा बोर्ड त्याने ऑर्डरमध्ये लिहून टाकला. सगळे भाग यायला आठवडा लागेल, मग जोडून देतो, म्हणाला. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिचा हात धरून पायरी उतरवली. गाडीत ती बाहेर बघत होती. कळव्याच्या पुलावर म्हणाली, काकू म्हणाला मला. तेवढंच. मी हसलो आणि मला वाटलं, तिने सोडून दिलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तेव्हा तिचं भरून झालं होतं. मी चहा टाकला आणि नेहमीसारखं ऐकायला लागलो. एसी बंद करा. पाय सरळ करा. शेजारच्यांचा डबा परत दिलात का. मग एक आलं, "मी असं म्हटलं नव्हतं." इतकं स्वच्छ की पूर्वीचाच तिचा आवाज, शिकवणीतला. त्याच्या आधीचे प्रयत्न तिने पुसले नव्हते. सात-आठदा तेच वाक्य होतं, तुटलेलं, 'त' नुसता हवेसारखा गेलेला, एकदा मध्येच खोकला. त्यानंतर हे स्वच्छ. मी विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, "लागेल." पहिल्या पानावर ठेवा म्हणाली, चहा आणि पाणी याच्या शेजारी, डोळे फार फिरवायला लागू नयेत असं.

पडद्यावर कुठलं वाक्य कुठे असेल त्याचं ड्रॉइंग मी केलं आहे. ते वाक्य तिने सांगितलं तिथेच ठेवलंय. ती नसेल तेव्हाही ते तिथेच असेल आणि चार खाच्यांतले दोन रिकामे असतील. आशा म्हणून मी ते घेतले असं कुणाला वाटेल, पण मला तशी काही आशा नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मला पाठ आहे. दुकानात सगळ्यांसमोर तीन म्हणणं म्हणजे कात्री घेण्यासारखं वाटलं, एवढंच. तुझ्या वेळी मला तू सांगितलंस ते खरं वाटलं होतं. हिला मी सांगितलेलं एक क्षणही खरं वाटलं नाही. तिने तीन वर्षं मागितली होती, तेवढीच हिशोबात धरून ती बसली होती, आणि ती वर्षं तिची होती.

आज दुपारी दुकानदाराचा फोन आला. बोर्ड उद्या येतोय, अजून साधा हवा असेल तर आत्ताच सांगा, म्हणाला, एकदा जोडला की बदलता येणार नाही. ती समोरच बसली होती, मोबाइल वाजला तेव्हा नाव तिनेही वाचलं होतं. मी म्हणालो, काही बदल नाही.

हा कागद घडी करून मी तुझ्या मशीनच्या खणात ठेवणार आहे, बॉबिनच्या डब्याखाली. मशीन आता गॅलरीत असतं. फोन मी तिथेच जाऊन घेतला होता, आणि बोलायच्या आधी दार ओढून घेतलं होतं.