खिडकीवरचा पुठ्ठा

रोहा, मंगळवार संध्याकाळ. लॉकडाऊनचा पाचवा आठवडा.

आज खरं तेच लिहिते. मला ह्यांच्या झोपेचा हेवा वाटतो. नवऱ्याच्या झोपेवर जळणारी बाई मी एकटीच असेन.

अठरा वर्षं हे कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून आले की दिवसा काळोख हवा, म्हणून आतल्या खोलीच्या खिडकीवर मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा ठोकला. कुकरसुद्धा हे उठल्यावर लावायचा. आता कंपनी बंद, तर आठ दिवसांत स्वारी लायनीवर! दहाला आडवे, सातला उठतात. वर घोरतात.

आणि माझं अंग? ते अजून शिफ्ट बदलतंय. गेल्या आठवड्यात ह्यांची पहिली शिफ्ट असती, तर मी रोज चारला टक्क जागी. डबा कुणाचा भरायचा? ह्या आठवड्यात दुसरी असती, तर बारापर्यंत फाटक वाजायची वाट बघत पडलेली. कामाला कोण जात होतं, हे की मी?

आज जेवताना म्हणाले, "तो पुठ्ठा काढून टाक गो. आता मला लागत नाय."

मला म्हणे!

पुठ्ठा काढला नाय. जेवणं आटोपून मीच आत गेले, दार लावून पडले. बाहेर ह्यांनी टीव्ही लावला. मी आतूनच ओरडले, "बंद करा तो. माझी रात्रपाळी झालीय."

ह्यांनी बंद केला. मला झोप काय लागली नाय. पण त्या पुठ्ठ्याआड एवढा गार काळोख, आणि अठरा वर्षं हे एकटेच भोगत होते!