पुसायचं बटण नसलेला डबा

प्रिय आण्णा,

'प्रिय' लिहिलं ते हाताच्या सवयीनं. त्याचा फार अर्थ लावू नका.

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली. इतक्या दिवसांत तुम्हाला पत्र लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही. आज लिहितेय, कारण आईसाठी गाणी ऐकायचं यंत्र घेतलंय आणि तुमचा म्हाळ आठवड्यावर आलाय. पितृपक्षात तुम्ही हळर्णला जेवायला याल, पानासमोर ते यंत्र दिसेल, आणि 'हें कोणें हाडलां?' म्हणून डोळे वटाराल. मग आधीच सांगून ठेवलेलं बरं. मी आणलं.

सुरुवात तुमच्या कपाटापासून झाली. गेल्या महिन्यात भावानं घराला रंग द्यायचा ठरवला, म्हणून मी सासरहून, कारापूरहून, आवराआवरीला गेले. तुमची टेप तशीच होती, आईनं शिवलेल्या झालरीच्या कापडाखाली. कुवेतवाल्या काकांनी तुम्हाला दिलेली ती टेप! तिला आम्ही बोट लावलं तर तुमचा हात पाठीत बसायचा. आणि टेपच्या मागे ती कॅसेट होती. ओळखलीत ना?

माझ्या लग्नाची कॅसेट. लग्नाआधी उडीद कांडायला बायका बसल्या होत्या, मुसळाला हळद लागली होती, आणि आई ओव्या म्हणत होती. काकांनी कोणाला न सांगता टेप खिडकीत ठेवून तिचा आवाज धरला. मग कॅसेटच्या कडेचे दोन्ही कान मोडून ते म्हणाले, "आतां हेचेर दुसरां कायच भरचां ना. वयनीचो आवाज ऱ्हवतलो."

तुम्ही तिथेच उभे होता. हसलासुद्धा होता.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रविवारी दुपारी शेजारपाजारच्या बायका यायच्या, पुरुषही यायचे, आणि म्हणायचे, "आण्णा, वयनीची कॅसेट लाव मरे." तुम्ही सप्ताहात पेटी घेऊन पुढे बसणारे, अख्ख्या पंचक्रोशीत भजनी म्हणून मिरवणारे. तुमची कॅसेट लावा असं कोणी म्हणत नव्हतं. तुमच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तुम्ही वाईट गात होता असं मी म्हणणार नाही. तालाला पक्के होता. पण आईनं तोंड उघडलं की हातातलं काम थांबायचं, आणि तुम्ही गायला लागलात की लोक चहा कधी येतोय ते बघायचे.

सप्ताह आटोपल्यावर मी माहेरी आले आणि कॅसेट लावली. आईच्या जागी तुम्ही! दोन्ही बाजूंना तुमचा अभंग, तुमचं खाकरणं, तुमची 'वाहवा'. मी विचारलं तर म्हणालात, "चुकून जालां. कोरी समजलों."

मी विश्वास ठेवला. बापावर नाही ठेवायचा तर कोणावर?

आता कपाटातून काढून ती नीट उलटीसुलटी केली. कान मोडलेल्या कॅसेटवर चुकून काही भरता येत नाही, आण्णा. टेपचं भरायचं बटण खाली जातच नाही. कानांची भोकं झाकली तरच जातं, आणि त्या दोन भोकांवर बेताबेतानं कापलेली चिकटपट्टी लावलेली आहे. कडा इतक्या सरळ की लग्नपत्रिकेवर चालतील. अशी चूक माणूस शांतपणे बसून, चष्मा लावून करतो.

मी कॅसेट घेऊन तरातरा आईकडे गेले. ती वालपापडी मोडत बसली होती. तिनं पट्टीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघून शेंगा मोडायला लागली.

"माका खबर आसा," ती म्हणाली. "कातर माझेकडेच मागली तेणीं."

"आणि तू दिलीस?"

"मागली म्हणून दिली. कित्याक जाय तें मागीर कळ्ळां."

कशाला हवी होती ते तिला मागाहून कळलं म्हणे. माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं कोणाच्याही लग्नाला तिला ओवी म्हणायला सांगितलं की ती गळ्याला हात लावून म्हणायची, "घसो बसला गो." आम्ही तिला काढे पाजले! मयेची ही बाई, जिचं गाणं माहेरच्या तळ्यापलीकडे ऐकू जायचं म्हणतात, तिला तुम्ही एका कात्रीनं गप्प केलंत. वर रोज तिच्याच हातचं माशांचं हुमण भुरकत राहिलात. घास कसा उतरायचा तुमच्या घशाखाली?

मी त्याच दिवशी ठरवलं की आईला आवाज भरून घेणारं यंत्र घ्यायचं, आणि त्यात तिला गायला लावायचं. तुमच्यावर सूड म्हणा. मी तसंच म्हणते.

आईला घेऊन डिचोलीला गेले. दुकानातली मुलगी हुशार होती. तिनं तीन वस्तू मांडल्या. एक जुन्या रेडिओसारखी दिसणारी, आधीच गाणी भरलेली. ती आईनं हातातही घेतली नाही, म्हणाली, "लोकांचीं गाणीं आयकून कान भरले." दुसरी बोटाएवढी, बोललेलं टिपून घेणारी, पुन्हा ऐकवणारी. माझ्या मनात तीच होती. मी पैसे काढायला पर्स उघडली, तर आईनं ती डोळ्यांजवळ नेऊन विचारलं, "बाय, पुसपाचां बटण हेका खंय आसा?"

मुलीनं कौतुकानं दाखवलं. "हें बघ आजी, हांगा दामलां की गेलां."

आईनं ती वस्तू काचेवर ठेवली आणि बोटानं परत ढकलली.

"माका हें नाका."

"पण आजी, गाताना चूक जाली जाल्यार पुसूंक नाका?"

"चूक जाली जाल्यार जांव दी. पुसचां न्हय."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. इतकी वर्षं मला वाटत होतं की आईला कॅसेट पुसल्याचं फारसं काही नाही.

तिसरा होता एक साधा काळा डबा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, हातात अडकवायला दोरी. आवाज टिपत नाही, पुसत नाही. कार्डावर जे असेल ते नुसतं वाजवतो. मुलगी म्हणाली, "मोबायलार गावन हाडा, हांव कार्डार घालून दितां." आईनं दोरी मनगटात अडकवली. आमची खरेदी झाली.

कारापूरला घरी आलो तरी ती गाईल की नाही याची मला खात्री नव्हती. तिनं चहा घेतला, मग आडोळी ओढून नारळ खवायला बसली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "धर तो मोबायल." हात चालू झाले तसा आवाज आला.

मयेच्या तळ्याचां पाणी आणलां
माझ्या बायेक न्हाणलां हळदीन गे

बाय म्हणजे मी, आण्णा. माझ्या लग्नातली ओवी. तुम्ही जी पुसलीत ती. आवाज आता वर चढताना फाटतो, एका ठिकाणी तर खोकलाच आला. तो खोकलाही ठेवलाय. मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि तिनं नारळ संपेपर्यंत थांबायचं नाव घेतलं नाही. घसा बसला होता म्हणे!

मग मी तुमची कॅसेट हातात घेतली. म्हटलं, ही आता चुलीत घालते. फिटंफाट. आईनं माझा हात धरला.

"लासूं नाका. तेंचांय घाल कार्डार."

"आई, अजून त्यांची बाजू घेतेस?"

"बाजू खंय घेतां?" ती म्हणाली. "घाल. पुण माझे फाटल्यान."

मला आधी कळलं नाही. तिच्या मागून, तुम्ही! कळलं तेव्हा मी इतकी हसले की तीही हसायला लागली. जन्मभर सगळीकडे पुढे बसलात ना? तुमची कॅसेट हळर्णला तुमच्याच टेपवर लावून मोबाईलमध्ये घेतली आणि दुकानातल्या मुलीकडून कार्डावर आईच्या सगळ्या ओव्यांनंतर, अगदी शेवटी घालून घेतली. पुसलं काहीच नाही. तुमचा एक शब्दही नाही, खाकरणंसुद्धा नाही. तुमच्यात आणि आमच्यात एवढा फरक राहू द्या.

तर माझा शब्द घ्या. म्हाळाच्या दिवशी भाऊ कावळ्याचं पान मागच्या पेळेवर, कठड्यावर, ठेवील, आणि त्या पानाशेजारी मी तो काळा डबा ठेवीन. आधी आई गाईल. वडे निवले तरी चालतील, तुम्ही ऐकायचं. पहिल्यापासून, खोकल्यासकट. दर वर्षी.

तुमचा अभंगही येईल हो. पण आईच्या ओव्या पुष्कळ आहेत. तुमची पाळी येईपर्यंत आमची पानं उचललेली असतील, आणि मी डबा बंद करून आईच्या हातात दिलेला असेल.

तुमचीच थोरली,
शैला