चौदा ते पंधरा

अप्पा, तुमचा एक किलोमीटर एकशे ऐंशी मीटरनं कमी भरला. चौदाच्या दगडापासून पंधराच्या दगडापर्यंत मी स्वतः टेप लावून मोजलं. वर्कशॉपमधला तीस मीटरचा स्टीलचा टेप. दुसरं टोक धरायला कुणी नाही, म्हणून रस्त्याकडेला खिळा ठोकायचा, त्याला टेप अडकवायचा, पुढं जाऊन खडूनं खूण करायची, परत येऊन खिळा उपटायचा. सत्तावीस वेळा असं केलं आणि वर दहा मीटर उरले. आठशे वीस. विश्वास बसेना म्हणून पलीकडून पुन्हा मोजत आलो, तर तेवढंच. तुम्ही असता तर तिथंच उभं करून तुम्हाला जाब विचारला असता, कारण या एकशे ऐंशी मीटरनी माझी बेंगळूरची मॅरेथॉन घालवली आणि तिच्या पाठोपाठ आफ्रिकाही जाणार होती.

आफ्रिका मध्येच कुठून आली, ते सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा मी आयटीआयच्या पहिल्या वर्षाला होतो. आता हुबळीत गोकुळ रोडवर एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे, लेथवर पंपांचे शाफ्ट उतरवतो. विद्यानगरात एक खोली घेतली आहे. आई होती तोवर दर रविवारी पहिल्या बसनं गावी यायचो. ती जाऊन पाच वर्षं झाली तरी रविवारी सकाळी पाय त्याच बसकडे वळतात. कुलूप काढायचं, घर झाडायचं, तुळशीला पाणी घालायचं, आणि दहाच्या आत सगळं संपलेलं असतं. एकट्यासाठी चूल पेटवावीशी वाटत नाही. लग्न का केलं नाहीस, असं लोक विचारतात. एकदा जुळत आलं होतं, मोडलं, आणि त्यानंतर माझ्यासाठी चार घरी जाऊन विचारणारं कुणी राहिलं नाही. अशाच एका रविवारी परतीच्या बसला चार तास होते आणि मी चपला दारात काढून रस्त्यानं पळत सुटलो. का, ते आजही सांगता येत नाही. घरात बसवेना, एवढं खरं.

रस्ता तुमचाच. आठच्या दगडापासून चौदाच्या दगडापर्यंत सहा किलोमीटर. तुम्ही मैलकुली होता हे हल्ली कुणाला सांगितलं तर शब्दच कळत नाही. मग मला समजावून सांगावं लागतं, की सरकार रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाच्या ताब्यात द्यायचं, त्यानं खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं, रस्त्याखालच्या मोरीतला गाळ उपसायचा आणि वर्षातून एकदा किलोमीटरच्या दगडांना रंग द्यायचा. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. तुम्ही जुन्या कानडी आकड्यांवरूनच ब्रश फिरवायचात, जीभ दातात धरून, आणि रेघ जराही बाहेर जायची नाही. मी लेथवर बसवलेला जॉब बघून मालक म्हणतात, हात चांगला आहे तुझा. हात कुणाचा आहे ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

त्या पहिल्या रविवारी दोन किलोमीटरमध्ये धाप लागली. पुढच्या रविवारी तीन झाले. वर्षभरात बूट आले, मग रोज पहाटे कामाआधी गोकुळ रोडवर, लॉऱ्या आणि कुत्री चुकवत, विमानतळाच्या भिंतीपर्यंत जाऊन यायचं सुरू झालं. एक दिवस कानडी पेपरात वाचलं, की दक्षिण आफ्रिकेत माणसं एका दिवसात नव्वद किलोमीटर पळतात. म्हणजे हुबळीहून बेळगाव जवळपास, आणि बारा तासांच्या आत. कुणीही जाऊ शकतं, फक्त त्याआधी बेचाळीस किलोमीटरची एक मॅरेथॉन पाच तासांच्या आत पुरी केल्याचा कागद लागतो. मी ते कात्रण पाकिटात ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी हवं होतं, अप्पा, आणि ते मिळवायला कुणाला विचारायला जावं लागणार नव्हतं.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला. 'यल्लीगे?' म्हणजे कुठं जाणार, असं त्यानं कानडीतच विचारलं. आफ्रिकेला, म्हटलं. कशाला? पळायला. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'इकडं कोण मागं लागलंय तुमच्या?' मालक तर दोन दिवस हसत होते. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. 'अरे, माणूस तिकडं सिंह बघायला जातो,' म्हणाले. पण माणूस मनानं मोठा. पंधरा दिवसांची रजा दिली, व्हिसासाठी पत्र दिलं, तिकिटाच्या एजंटाकडे स्वतः फोन केला. बसनं मुंबई, तिथून विमान. जूनमध्ये तिकडं थंडी असते, म्हणून स्वेटर. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बरोबर न्यायची, कारण पोटाला सवय तीच आहे. सगळं वहीत लिहून काढलं. एकेक गोष्ट झाली की तिच्यावर रेघ मारायची. शेवटी एकच ओळ उरली, पाच तासांचा कागद.

त्याची तयारी मी तुमच्या दगडांवर केली. तेरा ते चौदा हा किलोमीटर मला कायम जड जायचा. चढ आहे म्हणून असेल, असं समजून मी तो सोडूनच दिला. चौदा ते पंधरा सपाट, दोन्ही बाजूंना सावली, आणि तिथं माझे पाय असे काही चालायचे की बोलायची सोय नाही. मग दर रविवारी तिथंच, चौदावरून पंधरा, पंधरावरून चौदा. पंधरा खेपा केल्या की तीस किलोमीटर. मोरीच्या कठड्यावर गूळ-मीठ-लिंबाच्या पाण्याची बाटली ठेवायची आणि घड्याळ बघून खूश व्हायचं. कामावर मी व्हर्नियरनं मोजल्याशिवाय जॉब हातावेगळा करत नाही. दुसऱ्यानं दिलेलं माप मी कधी खरं धरत नाही, त्यावरून वर्कशॉपमधली पोरं मला संशयी म्हणतात. पण त्या दगडावरचा आकडा तुमच्या ब्रशचा होता. तो तपासून बघावा हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ज्याला मी तीस म्हणत होतो ते साडेचोवीस होतं.

बेंगळूरला तेहतिसाव्या किलोमीटरला पाय दगड झाले. बाजूनं म्हाताऱ्या बायका पुढं गेल्या. पाच तास चौदा मिनिटं. मी फुटपाथवर बसून बूट काढले आणि खूप वेळ ते पुन्हा घातले नाहीत. तिकीट काढलेलं, रजा मिळालेली, आणि कागद नाही. आता कागद देणारी एकच मॅरेथॉन उरली होती, सात आठवड्यांनी. परत आल्यावर बुटांवर संशय घेतला, खाण्यावर घेतला, माझ्या छातीवरही घेतला. मग अण्णांची मोटारसायकल मागून त्या रस्त्यानं गेलो आणि मीटरचा आकडा बघून थांबलो. टेप त्यानंतरचा.

मुकादम मामा अजून आहेत. डोळ्यानं कमी दिसतं, पण आवाज तोच. तुमच्या गँगवरचे बाकी सगळे गेले. मी त्यांच्या अंगणात जाऊन बसलो आणि दगडाचं सांगितलं. मला वाटलं, कुणा कंत्राटदाराला शिव्या देतील. ते हसायलाच लागले.

'इतक्या वर्सात तीन इंजिनेर आले नि गेले, एकाला कळलं न्हाई. तुला बरं कळलं बग. मोरीच्या कामाला लॉरीनं त्यो दगड पाडला. सायेब म्हणला, हुता तितंच पुरा. तर तुझा अप्पा म्हणतोय, मुकादम, जरा पुढं घिऊया की. साळंच्या फाटकापाशी. म्हणलं, कशाला रं? तर म्हणतोय, एक वाजता पोरासंगट भाकरी खायला जातो, साळा माझ्या हद्दीभाईर पडती. सायबाची जीप दोनदा आली, दोन्ही टायमाला अर्धा दिवस गैरहजर मांडला. हद्दच साळंपतुर नेली, तर कोण काय म्हणंल?'

'आणि तुम्ही नेऊ दिलीत?'

'नेऊ दिली म्हंजे? पहार मीच धरली की. पर त्येला म्हणलं, एकशे ऐंशी मीटरचं जास्तीचं गवत कोण काढणार? मी, म्हणला. काढलं बग. दोनी अंगाचं, मरंपतुर. जाऊ दे, सोड आता. कुणाला सांगू नगंस.'

मी कुणाला सांगितलं नाही. खऱ्या किलोमीटरची खूण एका बाभळीच्या बुंध्यावर केली आणि पुढचे रविवार तिथपर्यंत पळालो. त्या वाढीव तुकड्यानं जीव नको केला. गेल्या महिन्यात चार तास एक्कावन्न मिनिटांत मॅरेथॉन पुरी झाली. कागद मिळाला, व्हिसा मिळाला. वहीतल्या सगळ्या ओळींवर रेघ मारून झाली. पुढच्या सोमवारी निघायचं आहे.

मग हे पत्र कशासाठी, तर आफ्रिकेहून एक माहितीपुस्तिका आली आहे म्हणून. इंग्रजी आहे. डिक्शनरी घेऊन रोज दोन पानं वाचतो. काल एका पानावर नकाशा होता आणि त्याखाली लिहिलं होतं, की तुमची माणसं वाटेत कुठं कुठं उभी राहतील ते आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ती तुम्हाला खाणं-पाणी देऊ शकतील आणि तुम्हालाही त्यांचा आधार वाटेल. मी ते वाक्य दोनदा वाचलं. नव्वद किलोमीटरच्या नकाशावर उभं करायला माझ्याकडं एकही माणूस नाही. पासपोर्ट, स्वेटर, भाकरी, सगळ्याचा विचार केला होता, पण याचा केला नव्हता. रडू वगैरे आलं नाही. पुस्तिका मिटली, हात धुतले आणि भात टाकला. पण जेवता येईना.

कारण माझ्याकडं उभा राहणारा माणूस होता. आई एकाच फडक्यात दोघांच्या भाकऱ्या बांधायची आणि ते फडकं तुमच्याजवळ असायचं. एक वाजता घंटा होते, मी बाहेर येतो, आणि तुम्ही फाटकाच्या बाजूला दगडापाशी उभे, फावडं कडेला टेकवलेलं, पायाला डांबर. आपण चिंचेखाली बसतो. तुम्ही भाजी माझ्याकडं सारता आणि स्वतः चटणीवर भागवता. पाचवीपासून तीन वर्षं असंच चाललं. शाळा तुमच्या हद्दीत आहे, असंच मी धरून चाललो होतो. तुम्ही तिथं उभे राहायला काय केलंत, ते तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि मला ते कळायला या वर्षापर्यंत थांबावं लागलं.

आठवीत गेल्यावर एक दिवस मी खाली न बसताच म्हणालो, 'उद्यापासून येऊ नका. पोरं हसतात. मी माझा डबा आणीन.' तुम्ही फडक्याची गाठ सोडत होता. हात थांबला. 'बरं,' म्हणालात. एवढंच. दुसऱ्या दिवशी आईनं दोन वेगळी फडकी बांधली. तुम्ही त्यानंतर मोरीच्या पलीकडं, शाळेतून दिसू नये म्हणून उतारावर खाली बसून जेवायचात. मला वर्गाच्या खिडकीतून तुमचं मुंडासं तेवढं दिसायचं. आणि तरीही फाटकापर्यंतचं गवत दर आठवड्याला काढलेलं असायचं.

हे पत्र लिहून झालं की कपाटात ठेवीन. टाकायचं कुठं? पण तुमच्या किलोमीटरचा हिशोब मागत बसलो होतो, तर माझ्याकडचंही एक सांगायला हवं. हे मी आईलाही सांगितलं नाही. पोरं हसत नव्हती, अप्पा. कुणीच कधी हसलं नव्हतं.