मैन नाम इस दिनानाथ

१० जानेवारी १९८३, सोमवार
कंपनीत नोटीस लागली. महिनाअखेर हॉलंडहून बोस्मन साहेब येतोय. नवी मशिनं तिकडचीच. स्टोअर्समधला एक माणूस ट्रेनिंगला हॉलंडला न्यायचा, आणि तो बोस्मन स्वतः निवडणार. स्टोअर्समध्ये माणसं दोनच, मी आणि जयप्रकाश. म्हणजे मीच. जयप्रकाशचं इंग्लिशसुद्धा लंगडं.
ठरलं. बोस्मनला डचमध्येच गाठायचं.

१३ जानेवारी
फोर्टच्या फुटपाथवर डच शिकवणारं पुस्तक मिळालं. पहिला धडा शाबूत आहे, पुढचे वाळवीने खाल्ले. काही बिघडत नाही. पहिल्या धड्यात आपलं नाव सांगायचं. 'मैन नाम इस दिनानाथ.' नाम! अहो, हे तर आपलंच नाम! डच म्हणजे आपलीच भाषा, थंडीने जरा आखडलेली. उरलेली आपोआप येईल.
नंदिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, छान, आता दळण टाकून या.

१५ जानेवारी, रात्री जेवणानंतर
सराव जोरात. नंदिनीला बोस्मन केलं. ती हात पुढे करते, मी हात हलवून वाक्य म्हणतो. मी म्हटलं, तूही एकदा म्हणून बघ, कानाला कसं लागतं ते कळेल. तर जीभ चावली तिने. लग्नाला अकरा वर्षं झाली, माझं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी 'अहो' आणि 'ऐकलंत का'. मी म्हटलं, डचमध्ये काय हरकत आहे? ती म्हणाली, नाव ते नाव.
मागासलेपणा! हॉलंडहून आल्यावर यात सुधारणा करायची.

१८ जानेवारी
मॅनेजर करंदीकर साहेबांनी बोलावलं. म्हणाले, खानविलकर, तुम्हाला डच येतं म्हणे. मी नम्रपणे म्हटलं, थोडंफार. त्यांनी तो नम्रपणाच समजला. आता स्वागत मी करायचं, आणि बोस्मन काय बोलतो ते साहेबांना सांगायचं.
नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. 'थँक यू सर' बाहेर पडलं.
ही बातमी फोडली कोणी? शिरवणे गावच्या हिरामणने. लोडिंगवर असतो, कान मात्र स्टोअर्समध्ये. त्याला झापला. तर म्हणतो, आमाला आनंद झाला म्हनून सांगितला, यात वाईट काय हाय?

२१ जानेवारी
पोट बिघडलं. टेन्शनचं नाही, वडा बाधला.
नवा प्लॅन. वाक्य म्हणायचं, हात हलवायचा, लगेच त्याला मशीनपाशी न्यायचं. त्या आवाजात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. मान डोलावायची.

२४ जानेवारी
देव पाठीशी आहे! बोस्मन शनिवारी येतोय, नेमका कंपनीच्या सत्यनारायणाच्या दिवशी. पूजेला बसायला जोडपं हवं होतं, मी आम्हा दोघांची नावं दिली. पाटावर बसलेल्या माणसाशी कोण गप्पा मारणार? मधेच उठून वाक्य, पुन्हा पाटावर. करंदीकर साहेबांना पटलं. जयप्रकाशला प्रसादाच्या द्रोणांवर टाकलाय.

२९ जानेवारी, शनिवार, पहाटे
झोप नाही. आरशासमोर वाक्य म्हटलं, बिनचूक. धोतराला पिन लावली. उपास. छाती धडधडते, पण ती उत्साहाने.
नंदिनीने विचारलं, विसरलात तर? मी हसलो. स्वतःचं नाव कोण विसरतं?

२९ जानेवारी, संध्याकाळ
लिहवत नाही. पण लिहितो.
पूजा सुरू झाली. गुरुजी म्हणाले, यजमान, नाव-गोत्र सांगा. त्याच वेळी शेडच्या दारात करंदीकर साहेबांबरोबर एक उंच, लालबुंद माणूस दिसला. माझ्या तोंडून खणखणीत निघालं, मैन नाम इस दिनानाथ.
गुरुजींनी पळी खाली ठेवली. हे कुठलं गोत्र, म्हणाले.
तोवर बोस्मन समोर. बूट बाहेर काढून आला होता, बिचारा. हात पुढे केला, आपलं नाव सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिला. सगळी कंपनी बघत राहिली. करंदीकर साहेब डोळ्यांनी 'हं, हं' करत होते. डोक्यात नुसता धूर. मी ओला हात त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, काश्यप गोत्र.
बोस्मनला कळेना. त्याने पुन्हा आपलं नाव सांगितलं. मी पुन्हा म्हणालो, काश्यप.
पुढचं काही सुचेना. देवा, जमीन फाटली तर बरं, असं वाटलं. खरंच वाटलं.
तेवढ्यात शेजारच्या पाटावरून आवाज आला. डोक्यावरचा पदर सारखा करून, माझ्याकडे बोट दाखवून, नंदिनी म्हणाली, मैन नाम इस दिनानाथ.
बायकांच्या बाजूला सगळ्यांचे पदर तोंडाला. मग हिरामणची आई ओरडली, आगं बया, नाव घेतलान! आणि टाळ्यांचा कडकडाट. बोस्मनचा चेहरा उजळला. त्याने नंदिनीला कमरेत वाकून नमस्कार केला आणि भडाभडा डच बोलायला लागला. करंदीकर साहेब मला म्हणाले, काय म्हणतोय? मी म्हणालो, पूजा आवडली म्हणतो. मग बोस्मनच इंग्लिशमध्ये म्हणाला, मी विचारतोय, हे सगळे खाली का बसलेत?
साहेबांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

३१ जानेवारी
जयप्रकाश जातोय. प्रसाद देताना त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, जयप्रकाश, स्टोअर्स. बस. तेवढ्यावर निवड! हॉलंडला थंडी फार असते, माझ्या दम्याला सोसली नसती. मला दमा नाही, पण झाला असता.
घरी आल्यावर रडू आलं. नंदिनीने चहा ठेवला.

५ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली. दिनानाथ, दळण!
मी दचकलो. हे काय, म्हटलं. ती म्हणाली, सगळ्या कंपनीसमोर एकदा घेतलं, आता घरात कोणाला लाजू? नाव छान आहे, वापरत जाऊ.
डबा घेऊन गिरणीत गेलो. नवा माणूस होता, खडू घेऊन विचारायला लागला, डब्यावर नाव काय टाकू? मी छाती पुढे काढून सांगितलं, दिनानाथ खानविलकर.
तो म्हणाला, हां हां, त्या डच बोलणाऱ्या बाईंचे मिस्टर का?
हो म्हणालो. बारीक दळायला सांगितलं.