थोरल्याची हनुवटी

९ सप्टेंबर,
मंगळवार, दुपार

ती. वहिनी,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. जिना चढून आली की मलाच विचारते, "तू का धापा टाकतोस?" छकुलीला सांग, काकाने काल पावाची कड चावून खाल्ली. डॉक्टर खूश आहेत. खालचा ओठ मात्र अजून बधिर आहे. चहा ओघळतो आणि मला पत्ताच नसतो. आई लांबून खूण करते.

आईची एक गंमत. परवा मी खिडकीपाशी बसलो होतो, उजेड पाठीमागून येत होता. ती बादली घेऊन आत आली आणि म्हणाली, "थोरल्या, कधी आलास?" मग बादली तिथेच ठेवून निघून गेली. गंमत कसली, उगीच तसं लिहिलं.

आम्ही जुळे, पण हनुवटीवरून लोक बरोबर ओळखायचे. त्याची रुंद, माझी निमुळती. अपघातात माझा खालचा जबडा दोन्हीकडून चुरा झाला. नवा जबडा संगणकावर आखणारी ती मुलगी तुला म्हणाली होती, "एक बाजू शाबूत असती तर तिच्यावरून दुसरी काढली असती. यांचा जुना स्कॅन आहे का?" माझा नव्हता. त्याचा होता, अक्कलदाढेच्या वेळचा. तू घरी जाऊन कपाटातून शोधून आणलास. "त्याचं काहीतरी कामी येऊ दे," म्हणालीस. मी पलंगावर होतो, घशात नळी होती. ऐकू सगळं येत होतं.

धातूची भुकटी लेझरने वितळवून थरावर थर चढवतात म्हणे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा नमुना माझ्या हातात दिला. मी तो उलटा धरला, सुलटा धरला. अंगठा खाली टेकवला आणि कळलं, कुणाला हात लावतोय.

आता रोज सकाळी दाढी करताना तो असतो. गार हवेत धातू आतून गार पडतो, तेव्हाही असतो. मी जेवतो तेव्हा त्याची हनुवटी हलते.

रविवारी तू सूप घेऊन आलीस. वाटी हातात देताना म्हणालीस, "मी तेव्हा फोन करायला नको होता, भावजी. भांडले मी. त्या रागातच त्याचं लक्ष उडालं असणार. मीच मारलं त्याला."

मी म्हणालो, "सूप छान झालंय."

वहिनी, तो गाडी चालवत नव्हता.

मी चालवत होतो. निघताना तो म्हणाला, "दमलायस तू, चावी दे." मी म्हटलं, "गप झोप." तुझा फोन आला तेव्हा तो माझ्या शेजारी बसला होता. ठेवल्यावर हसला. म्हणाला, "चिडली की छान बोलते." मग मान टाकून खरंच झोपला. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी मी वळणावर गाडी ट्रकच्या पुढे काढायला गेलो. घाई कसलीच नव्हती. ट्रक पुढे होता, एवढंच मला खुपत होतं.

गाडी उलटली, आम्ही दोघेही बाहेर फेकले गेलो. गाडी त्याची. चौथ्या दिवशी पोलीस पलंगाशी आले. "भाऊच चालवत होते ना?" त्यांनी वही-पेन पुढे धरलं होतं. माझा हात धड होता. लिहिता आलं असतं. मी मान हलवली, हो म्हणून. पुढे वर्षभर सगळे म्हणत राहिले, बिचाऱ्याला बोलता येत नाही. मी त्या वाक्याच्या आड बसून राहिलो.

काल पोलीस ठाण्यात जाऊन जबाब दिला. तेच साहेब होते. "आत्ता का सांगताय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "कारण काही नाही. आधीच सांगायला हवं होतं." खटला होईल. वकील करणार नाही, असं आज तरी वाटतंय.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळी निवडून झाल्यावर म्हणाली, "तिला कळवलंस?" तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. वाढते मात्र.

समोर येऊन सांगायला हवं होतं, हे मला कळतं. पण मी बोललो असतो आणि तुला त्याची हनुवटी हलताना दिसली असती. त्याच्या तोंडून हे तुला ऐकवायचं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, हा जबडा काढून दुसरा बसवता येईल का? ते म्हणाले, "कशाला? उत्तम बसलाय. हाडानं घट्ट धरलाय त्याला."

तुझ्या फोनने काही झालं नाही. तो तुझ्यावर हसत हसत झोपला. हे ठाऊक असणारा जगात मी एकटाच होतो, आणि तुला मी सूप छान झालंय म्हणालो.

छकुलीला केव्हा, किती सांगायचं ते तू ठरव. मी आड येणार नाही.

खाली 'तुझा' लिहायला हात धजत नाही.

धाकटा