घरगाडीला पत्ता नसतो

पनवेल,
१२ डिसेंबर १९९३

चि. सौ. दिपा हिस,
गोदाचे आशीर्वाद.

मदुराईहून टाकलेलं तुझं कार्ड परवा मिळालं. परतताना तुम्ही कऱ्हाडला तुझ्या माहेरी उतरणार, म्हणून हे पत्र तिथेच पाठवते आहे.

घरगाडीला मी शिवलेले पडदे सगळ्यांना आवडले, वाचलं. पाण्याची टाकी गळते म्हणतेस, तर खालच्या जोडातली रबराची चकती बदलून घ्या. भावोजींना सापडेल. ह्यांना नाही सापडायची. त्या परदेशी जोडप्याकडून जुनी घरगाडी घेतली ह्यांनी, पण पळस्प्याच्या गॅरेजात तीन वर्षं खेटे घातले मी. गंज खरवडला, गाद्या शिवल्या. "निवृत्त झालो की आपण दोघं देश बघू," म्हणायचे. निघायच्या वेळी सासूबाई, भावोजी आणि तू धरून झोपायच्या जागा मोजल्या आणि म्हणाले, "गोदा, तू पुढच्या खेपेला. नानांना कोण बघणार?"

नानांचं करणं मला कधी जड गेलं नाही. सासरे होते, पण बोलायचे बापासारखे. अर्धं अंग गेलेलं, तरी कान तिखट. रस्त्यावर मोठी गाडी थांबली की विचारायचे, "आले का गं?" एकदा चिडले. "मला आडवं टाकून नेलं असतं तरी चाललं असतं की!" मग तोंड फिरवून पडून राहिले.

तुम्ही गेल्यावर आठवड्याभराने ताप चढला. डॉक्टर दोनदा येऊन गेले. एका सकाळी मी पेज भरवत होते, तेव्हा मान कलली.

नाना गेले, दिपा.

तार कुठे करणार? "घरच बरोबर आहे, पत्ता कशाला?" असं हसत सांगून गेले होते हे. तुमचा कुठून काही निरोप येईल म्हणून संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मग शेजारच्या अंकुशने अग्नी दिला. भटजींनी विचारलं, "मुलगे दोन ना?" काल तेरावं झालं.

सासूबाई अजून कुंकू लावत असतील. त्यांना तूच जवळ बसवून सांग. मला इथून ते लिहवत नाही.

उद्या मी उरणला भावाकडे जाते आहे, राहायलाच. किल्ली अंकुशच्या आईकडे ठेवली आहे. ह्यांना म्हणावं, सावकाश या. घरी थांबायला आता कोणी नाही.

तुम्हा कोणाचीच नसलेली,
गोदा